सदतीस नंबरच्या चिठ्ठ्या

८ जानेवारी १९६१, अकोला

काल वाचनालयाची सभा झाली. भिंतीवरच्या तारा काढून टाकायच्या असं ठरलं.

या तारा म्हणजे काय, ते पुढे कुणाला कळणार नाही, म्हणून लिहून ठेवते. दुकानात कागद टोचायला वाकडी तार असते ना, तशा तारा वाचनालयाच्या लांब भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या आहेत. कुणाला प्रश्न पडला की त्याने तो पुठ्ठ्यावर लिहून तारेच्या तळाशी टोचायचा. ज्याला उत्तर सुचेल त्याने चिठ्ठी लिहून त्यावर टोचायची. मग त्या उत्तराला उत्तर. विहिरीवर इंजिन बसवावं का, मुलींना इंग्रजी शिकवावं का, भाकर पचायला जड की पोळी. एकेक भांडण दोन-दोन वर्षं चालतं. चिठ्ठीखाली नाव घालायचं नाही, फक्त सभासद नंबर. हा नियम बापूसाहेब वकिलांचा. वाचनालय त्यांनीच काढलं. "नाव दिसलं की लोक आधी आडनाव वाचतात, मग मत," असं ते म्हणतात.

आमचा नंबर सदतीस. चार वर्षांपूर्वीपर्यंत तो यांचा होता. घरातला माणूस गेला की नंबर घरातल्याच दुसऱ्याला मिळतो, अशी तिथली रीत. तेव्हापासून मी सदतीस.

नवा चिटणीस उद्धव अमरावतीचा आहे. तिथे कॉलेजात शिकला, मोठी लायब्ररी पाहून आला. त्याचं म्हणणं, तारा गंजल्यात, चिठ्ठ्यांना भोकं पडलीत, तोच प्रश्न पाच तारांवर आहे आणि जुनं काही सापडत नाही. आता विषयवार रजिस्टरं करायची. एका पानावर एक प्रश्न, खाली ओळीने उत्तरं, आणि समोर नाव. "नाव लिहिलं की माणूस जपून लिहितो," तो म्हणाला.

बापूसाहेब म्हणाले, "जपून लिहिलेलं वाचायला वर्तमानपत्र आहे की रे."

सगळे हसले आणि हात मात्र उद्धवच्या बाजूने वर गेले. जुन्या चिठ्ठ्या उतरवून कोण काढणार, असं विचारल्यावर कुणी पुढे येईना. मी म्हटलं, मी काढते. शिवणकाम दुपारनंतर असतं.

घरी आल्यावर यांना सांगितलं. सांगते रोज. पाटावर बसते, चूल पेटते आणि मी बोलत असते. यात काही वेडेपणा नाही. इतकी वर्षं ज्याच्याशी बोललो त्याच्याशी बोलणं एकदम कसं थांबवायचं?

११ जानेवारी

उद्धवने तारा कापल्या. मला वाटलं होतं एकेक चिठ्ठी वरून काढत जाईल. त्याने पकडीने तारेचं टोक तोडलं आणि सगळ्या चिठ्ठ्या टोपल्यात झटकल्या. एका प्रश्नाचं एक टोपलं.

मी म्हटलं, "अरे, आधी कोण बोललं, नंतर कोण बोललं, ते आता कसं कळायचं?"

"वाचलं की कळेल, बाई. उत्तर वाचलं की प्रश्न कळतो."

तो वाईट मुलगा नाही. घाईचा आहे. भिंतीवर आता नुसते खिळे राहिलेत. वारा आला की तारा एकमेकींवर वाजायच्या, तो आवाज आज नव्हता. त्या आवाजाची इतकी सवय होती हे माहीत नव्हतं.

१४ जानेवारी

संक्रांत. दुपारी पार्वताबाई आल्या. आमच्या मागच्या आळीत राहतात. माझ्याआधी कितीतरी वर्षं त्यांच्या कपाळावरचं गेलं. नवऱ्याचा एक्कावन्न नंबर त्यांच्याकडे आला, दुसरीपर्यंतच शिकलेल्या, पण चिठ्ठ्या लिहितात आणि कुणाला भीत नाहीत.

"काहून वं वच्छले, तिळगूळ केला का नाई? का नुसती वाचूनच राह्यली?"

"केला. बसा."

"लाडू फोडाले बत्ता आण. तुया हातचा गूळ मंजे सिमिट."

आम्ही दोघी बसलो. समोरच्या घरात बायका येत-जात होत्या, नव्या काकणांचा आवाज येत होता. पार्वताबाईंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, नकलेचं काम कसं चाललंय. मी म्हटलं, विहिरीच्या इंजिनाचं टोपलं झालं. त्या म्हणाल्या, "सारं उतरवजो. वगळू नको काई." मी म्हटलं, मी कशाला वगळीन?

१७ जानेवारी

आज चांगलीच गंमत झाली आणि मग गंमत राहिली नाही.

उद्धवने नावांचा रकाना सभासदांच्या चालू यादीवरून भरला. बारा नंबर पूर्वी एका म्हाताऱ्या मास्तरांचा होता. ते वारले, मुलगा नव्हता, तो नंबर आता कापडवाल्या शालिकरामला मिळालाय. त्यामुळे रजिस्टरात शालिकराम लिहितो, "माझ्या दाढा पडून दहा वर्षं झाली, मला भाकरीची बाजू सांगू नका." शालिकरामचं लग्न गेल्या वर्षी झालं. आम्ही खूप हसलो.

मग मी सदतीसची पानं उघडली. सगळीकडे वच्छला. इंजिनावर यांनी लिहिलेलं, ज्वारीच्या भावावर यांनी लिहिलेलं, सगळ्यापुढे वच्छला, वच्छला.

चूक उद्धवची नाही. सदतीसची नावं मीच घालायची ठरलं होतं, पण यांच्या चिठ्ठ्या उतरवताना मी रकाना कोराच ठेवत होते. नवऱ्याचं नाव कसं लिहायचं? लग्नात घेतलं, पुढे चार बारशांत उखाण्यात घेतलं असेल, लिहिलं तर कधीच नाही. मला वाटलं, उद्धवला ठाऊक आहे, तो भरेल. त्याला वाटलं, बाई विसरल्या.

"अक्षर सगळं एकच दिसलं मला," तो म्हणाला. "तुमचंच आहे ना?"

अक्षर एकच आहे, हे खरं. हे चिठ्ठी आधी घरी वाण्याच्या कागदावर लिहायचे, मग नीट कागदावर उतरवायचे. तो पहिला कागद चुलीत घालायच्या आधी मी बोटाने गिरवायची. यांनी शिकवलं नाही, नाहीही म्हटलं नाही. असं करत करत मला वाचता आलं आणि लिहिता आलं ते यांच्याच वळणाने.

मी म्हटलं, "राहू दे सध्या. मी नंतर सांगते कुठली कुणाची."

१९ जानेवारी

यांची एकेक चिठ्ठी हातात घेतली की आवाज येतो. वाचते मी, पण कानात बोलतात हे. बाजारात मापाडी होते, कापसाच्या गाड्या मापायचे, म्हणून प्रत्येक गोष्टीत माप असायचं. मीठ मापात घाल. बोलणं मापात ठेव. आज एक चिठ्ठी वाचताना मान वळवून मागे पाहिलं. उद्धवने विचारलं, काय हवंय? मी म्हटलं, पाणी.

माझ्याही काही चिठ्ठ्यांत "मापात" सापडलं. ते मी लिहिलंय हे आठवतं. तरी तोही आवाज यांचाच आला.

२१ जानेवारी

आज जे टोपलं काढलं त्यात नऊ नंबरचा प्रश्न होता, "संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा बाईला बोलवावं की नाही?" भरलेली तार होती, गेली दोन-तीन वर्षं मागच्या खोलीत पडलेली. मी ती कधी वाचल्याचं आठवत नाही. वरच्याच चिठ्ठ्यांत सदतीस होती.

"बोलावू नये. बोलावणारीचं मन मोठं असेल, पण चार बायकांत ती बसणार कुठे आणि तिला लावणार काय? तिने आपलं मापात राहावं. त्यातच तिचा मान आहे. ३७"

दोनदा वाचलं. उद्धव कपाटामागे होता. मी चिठ्ठी घडी करून कमरेला खोचली आणि घरी आणली.

आज यांना काही सांगितलं नाही. चिठ्ठी फडताळात ठेवलीय, डब्याखाली.

२३ जानेवारी

गेले नाही. डोकं दुखतं असा निरोप पाठवला.

हे असं लिहिणारे नव्हते. घरात आवाज चढवून बोलले नाहीत. बार्शीटाकळीहून यांची विधवा आत्या यायची, तेव्हा तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या हे स्वतः नेऊन ठेवायचे. एवढं मन ज्याचं, तो "त्यातच तिचा मान" असं लिहील?

आत्या ओसरीवरच बसायची, हे खरं. आत कधी आली नाही. तिला आवडायचंच ओसरीवर बसायला.

ही चिठ्ठी रजिस्टरात गेली तर दोनच गोष्टी होतील. कोरं सोडलं तर माझ्या नावावर जाईल, म्हणजे एक विधवा असं लिहिते असं दिसेल. यांच्या नावावर घातली तर गाव म्हणेल, एवढाच होता का हा माणूस? गेलेल्या माणसाला बाजू मांडता येत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी जपून राहायला पाहिजे. माझ्याशिवाय आहे कोण?

२५ जानेवारी

रात्रभर एकच विचार. ही चिठ्ठी माझी तर नसेल? हे गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत मी काय काय लिहिलं ते मला नीट आठवत नाही. घरात चार बाया येऊन जे बोलत होत्या तेच माझ्या हातून कागदावर उतरलं असेल. अक्षर तर सांगत नाही. तार शाबूत असती तर आधी-नंतर कळलं असतं.

माझी असेल तर बरं. असं वाटून मला जरा हलकं वाटलं. मग डब्याखालून काढून पुन्हा वाचली आणि आवाज यांचाच आला.

२८ जानेवारी

त्याच टोपल्याच्या तळाशी एक्कावन्न नंबरची चिठ्ठी. मोठी मोठी अक्षरं, पार्वताबाईंची.

"३७ ले उत्तर. तुमच्या घरचं बोलावणं मले आलं होतं. मी येणार होती. तुमची चिठ्ठी वाचून नाई आली. माया जागेची काळजी तुमाले कायले? तुमच्या बायकोनं काय समजून बोलावलं ते तिले इचारा, अन् इथं लिवा. ५१"

तुमच्या बायकोनं. म्हणजे हे होते तेव्हाची. म्हणजे ती माझी नव्हती. सदतीस म्हणजे आमचं घर, हे पार्वताबाईंना ठाऊक होतं.

आठवलं. त्या संक्रांतीला मी पार्वताबाईंना बोलावलं होतं. त्यांचा निरोप आला, ताप आहे. मी सुंठीचा काढा घेऊन निघाले होते. हे म्हणाले, "राहू दे. ज्याचं त्याला कळतं." आणि जेवायला बसले. पोटभर जेवले. डाळीचं कौतुक केलं.

म्हणजे तोवर यांनी हे उत्तर वाचलेलं होतं, की नंतर वाचलं? काहीही असो. नंतर तरी वाचलंच असणार. हे रोज जायचे.

मला विचारलं नाही.

२९ जानेवारी

पार्वताबाईंकडे गेले. ओट्यावर सुपात तूर घेऊन बसल्या होत्या. मी समोर बसून खडे वेचायला लागले.

"तुम्हाला त्या वर्षी ताप नव्हता," मी म्हटलं.

"होता ना. डोक्यात होता." सूप हाललं. "सापडली काय?"

"तुमची सापडली."

"अन् त्यायची?"

मी तूर बघत राहिले.

"उद्धव आला होता परवा," त्या म्हणाल्या. "म्हने, मावशी, तुमचं उत्तर अधांतरी लोंबून राह्यलं. सदतीसनं काय म्हटलं तेच सापडत नाई. गाळू काय? म्या म्हटलं, थांब बाप्पा दोन-चार रोज. वच्छला डोकं दुखून घरी बसली, उठू दे तिले."

"मला तेव्हाच का नाही बोललात?"

"तुले काय बोलू? मी त्यायले लिवलं होतं, तिले इचारा. म्या म्हटलं आज इचारतीन, उद्या इचारतीन. रोज जाऊन तार पाहो मी. मंग ते गेलेच. आता मेल्या माणसाची तक्रार घेऊन त्याच्या बायकोच्या दारी जाऊ काय? तू तं भाकर खाये ना पानी पे."

"ते तसे नव्हते हो, पार्वताबाई."

"कसे नव्हते? चांगले होते. मायी गाय हरपली तवा खुशालराव दोन कोस फिरले. अन् थे चिठ्ठीबी त्यायनंच लिवली. दोन माणसं होते काय?"

त्या थोडा वेळ पाखडत बसल्या. मग म्हणाल्या, "तुले ठेवाची असंन तं ठेव. मी कोनाले सांगत नाई. पन मंग मायीबी काढून दे. मी एकटीच हवेत भांडून राह्यली, असं नोको दिसाले."

३१ जानेवारी

फडताळ उघडलं नाही. वाचनालयात जाऊन दुसरी टोपली केली. बापूसाहेब आले होते, काठी टेकत. रिकाम्या खिळ्यांकडे पाहून म्हणाले, "वच्छलाबाई, नंबरामागे माणूस लपतो, असं उद्धव म्हणतो. मला वाटायचं, नंबरामागे माणूस सुरक्षित राहतो. दोन्ही एकच की काय, कोण जाणे."

मला वाटलं, बापूसाहेबांना सगळं ठाऊक आहे. नसेलही. म्हातारं माणूस, असंच बोललं असेल.

२ फेब्रुवारी

आज चिठ्ठी घेऊन गेले.

पान काढलं. वर नऊ नंबरचा प्रश्न उतरवला. मग सदतीसची चिठ्ठी, शब्दाला शब्द. मग नावाचा रकाना आला. दौतीत टाक बुडवला आणि तो तसाच धरून बसले. शाई वाळली, पुन्हा बुडवला. उद्धव येऊन मागे उभा राहिला. त्याने वाचलं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "हे त्यांच्या नावावर कशाला घालता? बाकीचं सगळं तुमच्या नावावर चाललंच आहे. हे एक आपण गाळू. आणि मावशींचंही गाळू. जुन्या गोष्टी आहेत, कुणी विचारणार नाही."

"बाकीचंही त्यांच्या नावावर करायचं आहे," मी म्हटलं. "इंजिनाचं, ज्वारीचं, सगळं. सुरुवात इथून."

आणि लिहिलं. खुशालराव.

जन्मात पहिल्यांदा लिहिलं. चांगल्या शंभर चिठ्ठ्या होत्या. त्यांतल्या एकीपुढे आधी लिहायला हवं होतं, असं मनात आलं. पण त्या चिठ्ठ्या माझ्या नावावर गेल्या असत्या तरी चाललं असतं. ही चालली नसती.

खाली पार्वताबाईंची उतरवली. त्याखाली उद्धवला विचारून नवं उत्तर लिहिलं. तो म्हणाला, नव्या उत्तरांना बंदी नाही.

"एक्कावन्न नंबरने मला विचारायला सांगितलं होतं. मला कुणी विचारलं नाही, म्हणून आज सांगते. मी बोलावलं ते चुकून नाही. कुंकू लावायचं की नाही ते मी ठरवलं नव्हतं. जवळ बसवायचं, एवढं ठरवलं होतं. बसायला जागा होती. वच्छला."

एवढं यांच्याशी उलट मी कधी बोलले नव्हते. आणि समोरून काही येणार नव्हतं. हे गेलेत हे मला आज त्या पानावर कळलं. चार वर्षं मी दोघांचंही बोलत होते.

५ फेब्रुवारी

रजिस्टरं सभासदांसाठी उघडली. उद्धवने फुलं ठेवली होती. लोक आपापलं नाव शोधत होते. मी खिडकीपाशी बसले होते. आता कुणीतरी ते पान उघडेल आणि यांचं नाव घेऊन काय म्हणेल, एवढंच डोक्यात.

शालिकरामने उघडलं. त्याला मोठ्याने वाचायची सवय. यांची चिठ्ठी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. नाव वाचलं.

"सोळा आणे बोलले," बाजारातले एकजण म्हणाले. "खुशालराव मंजे मापातला माणूस."

"असे लोक आता कुठं हायेत?" दुसरे म्हणाले.

शालिकराम माझ्याकडे वळला. डोळ्यांत खरोखर माया होती. "वयनी, दादाचं नाव राखलं तुमी. आमाले ठाऊक नव्हतं हे त्यायचं."

मी इतके दिवस ज्या नावाला जपत होते त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. ते कुणाला लहान वाटलेच नाहीत. लहान मला एकटीलाच वाटले होते.

"शालिकराम," मी म्हटलं, "खालचं नाही वाचलं."

"वाचलं ना, मनात." तो चाचरला. "तुमी दुःखात लिवलं असंन, वयनी. कोनी मनावर घेनार नाई."

"दुःखात चार वर्षं लिहीत होते. हे शुद्धीवर लिहिलंय. मोठ्यानं वाच."

त्याने इकडे तिकडे पाहिलं. उद्धव कपाटापाशी उभा होता. मग शालिकरामने वाचलं. हळू वाचलं, पण शेवटपर्यंत, माझ्या नावासकट. बाजारातले दोघं वर्तमानपत्राकडे वळले. बायकांच्या बाकावर पार्वताबाई होत्या. त्यांनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी जागा केली.

मी उठून तिथे जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "लय वर्षं लावले वं सांगाले."

घरी आले, चूल पेटवली, भाकर टाकली. आज वाचनालयात काय झालं ते कुणालाच सांगितलं नाही.